एन्झो फेरारी : चेसिस नंबरमागचा माणूस

फेरारी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? लाल रंग, मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा, आणि आपला सचिन! ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तीही मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाने विकत घेतली. म्हणजे आपल्या धुळ्याहून साक्री-नवापूरमार्गे सरळ गाठता येईल अशा गावी फेरारी पोचली! पण हे आडनाव ज्याचं, तो एन्झो फेरारी कोण होता असं विचारलं, तर आमच्या मेकॅनिकलच्या वर्गातही निम्मे जण गप्प बसतात. म्हणून हा लेखप्रपंच. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या!)

एन्झोचा जन्म इटलीतल्या मोडेना गावी १८ फेब्रुवारी १८९८ चा, पण सरकारी दप्तरात तारीख लागली २० फेब्रुवारी. कारण काय, तर इतका बर्फ पडला होता की वडिलांना नोंदणीला जाताच आलं नाही. वडिलांचं लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. दहा वर्षांचा असताना, १९०८ मध्ये, त्याने बोलोन्याला मोटारींची शर्यत पाहिली आणि पोरगा वेडाच झाला. १९१६ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी थोरला भाऊही. पहिल्या महायुद्धात त्याला लष्करात काम मिळालं ते खेचरांना नाल ठोकायचं! त्यातच तो जबर आजारी पडला आणि युद्ध संपता संपता घरी परतला.

मग तो नोकरी मागायला तुरीनला फियाट कंपनीत गेला. फियाटने नाही म्हटलं. थंडीचे दिवस, खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कुणी नाही. त्या दिवशी बागेतल्या बाकावर बसून आपण रडलो, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. हा नकार तो आयुष्यभर विसरला नाही.

१९२० मध्ये तो अल्फा रोमिओकडे आला, ड्रायव्हर म्हणून. ड्रायव्हर चांगला होता, पण महान नव्हता. १९२३ मध्ये राव्हेनाजवळची शर्यत तो जिंकला आणि तिथे त्याची ओळख फ्रान्चेस्को बाराक्का या युद्धात मेलेल्या वैमानिकाच्या आईवडिलांशी झाली. बाराक्काच्या विमानावर काळा घोडा रंगवलेला असे. तो घोडा तू आपल्या गाडीवर लाव, तुला लाभेल, असं त्याच्या आईने सुचवलं. एन्झोने त्यामागे आपल्या मोडेनाचा पिवळा रंग घातला. हाच तो जगप्रसिद्ध लोगो.

१९२९ मध्ये त्याने स्कुदेरिया फेरारी सुरू केली. स्कुदेरिया म्हणजे घोड्यांचा तबेला. गाड्या अल्फाच्या, पण टीम याची. १९३२ मध्ये मुलगा झाला, दिनो, आणि एन्झोने स्वतः शर्यतीत उतरणं सोडलं. १९३९ मध्ये अल्फाशी बिनसलं. बाहेर पडताना अट अशी की चार वर्षं फेरारी नावाने गाडी काढायची नाही. पठ्ठ्याने मग दुसऱ्याच नावाने कंपनी काढली आणि १९४० च्या मिल्ले मिल्या शर्यतीसाठी ८१५ नावाच्या दोन गाड्या बनवल्या. त्यात बरेच सुटे भाग फियाट ५०८ सी या अकराशे सीसीच्या गाडीचे होते. आता गंमत बघा. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आपली प्रीमियर पद्मिनी म्हणजे फियाट अकराशेच्याच घराण्यातली! धुळ्याला आमच्या आजोबांची पद्मिनी अजून अंगणात झाकून ठेवलेली आहे. तिच्याकडे मी आता जरा आदराने बघते.

युद्धात कारखाना मारानेल्लो गावी हलवला, तिथेही बॉम्ब पडले. तरीही १२ मार्च १९४७ ला पहिली खरी फेरारी, १२५ एस, सुरू झाली. जोआकिनो कोलंबोने काढलेलं बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन. १२५ म्हणजे एका सिलिंडरची सीसी. गुणिले १२ केलं की दीड हजार. तसंच २५० गुणिले १२ म्हणजे तीन हजार. वायवाला बसलेल्यांनी हे लक्षात ठेवावं!

त्याच वर्षी मे महिन्यात रोमची शर्यत जिंकली, १९४९ मध्ये ल मान्स, आणि १९५२ व १९५३ असं लागोपाठ दोनदा अल्बेर्तो आस्कारीने जगज्जेतेपद मिळवून दिलं. पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एन्झोला गाड्या विकण्यात रस नव्हता. शर्यतीचा खर्च निघावा म्हणून तो गाड्या विकायचा. आज फेरारी दुर्मिळ आहे, ती आधी या कारणाने.

आता आयुष्याची दुसरी बाजू. दिनोला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. एन्झोने इंजिनाच्या टेस्टिंगचे ठेवतात तसे मुलाच्या आहाराचे, तपासण्यांचे तक्ते वहीत मांडले. वाटलं, आकडे सांभाळले की मुलगा वाचेल. १९५६ मध्ये दिनो गेला, वय फक्त २४.

पुढच्याच वर्षी, १२ मे १९५७ ला, मिल्ले मिल्यामध्ये ग्विदित्सोलो गावाजवळ भर वेगात त्याच्या गाडीचं टायर फुटलं. पोर्तागो आणि नेल्सन हे गाडीतले दोघं गेले, आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच लहान मुलं होती. एन्झोवर खटला भरला गेला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. पण मार्च १९५७ ते ऑगस्ट १९५८ या दीड वर्षात कास्तेलोत्ती, पोर्तागो, मुस्सो आणि कॉलिन्स असे त्याचे चार ड्रायव्हर फेरारीतच मेले. तरी त्याने शर्यती थांबवल्या नाहीत.

आणि मग आली २५० जीटीओ. १९६१ च्या अखेरीस एन्झोशी भांडून मोठे इंजिनिअर्स एकदमच बाहेर पडले. अर्धवट राहिलेली गाडी माउरो फोर्गिएरी या विशीतल्या इंजिनिअरने पूर्ण केली. आपल्याहून थोडाच मोठा! तीन लिटरचं व्ही-१२, सहा वेबर कार्ब्युरेटर, जवळजवळ ३०० हॉर्सपॉवर, आणि हाताने ठोकून बनवलेली अॅल्युमिनियमची बॉडी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, जे काय ते ड्रायव्हरच्या मनगटात.

नियम असा होता की अशा गाड्या वर्षभरात किमान १०० बनवायच्या. तीन लिटरच्या जीटीओ बनल्या फक्त ३६. ही नवी गाडी नाही, जुन्या २५० जीटीचंच सुधारलेलं रूप आहे, असं सांगून एन्झोने मान्यता मिळवली. जीटीओमधल्या ओ चा अर्थच मुळी मान्यताप्राप्त! १९६४ मध्ये २५० एलएमच्या वेळी मात्र अधिकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही. जीटीओची किंमत अमेरिकेत तेव्हा साधारण १८ हजार डॉलर्स होती, पण पैसे आहेत म्हणून गाडी मिळेलच असं नव्हतं. ती कोणाला द्यायची हे ठरलेलं असायचं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात अशी एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलर्सला गेली, म्हणजे तीनशे कोटी रुपयांहून जास्त!

इतके पैसे मोजताना गाडी खरी आहे हे कळणार कसं? कारण साध्या २५० जीटीई गाडीच्या चेसिसवर जीटीओची बॉडी चढवलेल्या नकला भरपूर आहेत. जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना आपण जसा हॉलमार्क बघतो, तसंच इथे नंबर बघतात. आपल्याकडे जुनी गाडी नावावर करताना चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तीच रीत. चेसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्सचा नंबर हे कारखान्याच्या जुन्या नोंदींशी जुळायला हवेत. फेरारीची जीटी गाडी असेल तर त्या काळी नंबर विषम, निव्वळ शर्यतीची असेल तर सम. ठशाच्या आकड्यांचं वळण, वेल्डिंग, पूर्वीचे मालक, शर्यतीतले जुने फोटो, सगळं ताडून बघतात. मग फेरारीचाच क्लासिके विभाग प्रमाणपत्र देतो. आणि गंमत म्हणजे ज्या माणसाची स्वतःची जन्मतारीख दप्तरात चुकीची, ज्याने १०० च्या जागी ३६ वर काम भागवलं, त्याच्याच गाड्यांचा एकेक आकडा आज जग भिंगातून तपासतं!

ज्या फियाटने नोकरी नाकारली होती, तिनेच १९६९ मध्ये त्याच्या कंपनीचा ५० टक्के हिस्सा विकत घेतला. शर्यतीचा कारभार मात्र त्याच्याच हाती राहिला. १४ ऑगस्ट १९८८ रोजी, नव्वदाव्या वर्षी, एन्झो गेला. महिन्याभरात मोन्झाच्या शर्यतीत फेरारीच्या दोन गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या.

मित्रांनो, एन्झोला महान म्हणायचं का? जिद्द म्हणाल तर शंभर टक्के. पण मला अजून ग्विदित्सोलोची ती पाच मुलं आठवतात. कोर्टाने त्याला सोडलं हे खरं, तरी त्यांचा हिशोब कुठल्याही प्रमाणपत्रात नाही. चेसिस नंबर गाडी खरी की खोटी एवढंच सांगतो, तिच्यापायी कोणी काय किंमत मोजली ते सांगत नाही. उद्या आपणही कुठल्यातरी शॉपफ्लोअरवर इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करणार आहोत. तेव्हा नंबर जुळतो का हे बघूच, पण त्या रस्त्याच्या कडेला कोण उभं असेल याचाही एकदा विचार करू. एन्झोकडून जिद्द घ्यावी, आणि हे दुसरं आपण आपलं शिकावं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी