पुठ्ठ्याच्या तिकिटाचा जनक

जुनी रेल्वे तिकिटे जमवणाऱ्यांच्या वह्या उघडल्या, की बहुतेक पानांवर एकाच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे दिसतात. लांबी सुमारे ५७ मिलिमीटर, रुंदी ३१. तिकीट मुंबईच्या लोकलचे असो वा इंग्लंडमधील एखाद्या आडस्थानकाचे, माप तेच. ही पद्धत जगाला दिली ती दिवाळे निघालेल्या एका इंग्रज सुताराने.

थॉमस एडमंडसन यांचा जन्म ३० जून १७९२ रोजी लँकेस्टर येथे क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. तेथील गिलो या नामांकित पेढीत ते लाकडी सामानाचे काम शिकले. पुढे कार्लाइल येथे स्वतःचा व्यवसाय थाटला, तो बुडाला. व्यवहारातील सचोटी हा धर्माचरणाचाच भाग मानणाऱ्या पंथात ही मोठी नामुष्की होती. १८३६ मध्ये त्यांनी न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन या छोट्या स्थानकावर स्टेशनमास्तरची नोकरी धरली. देणेकऱ्यांचे पैसे बुडवलेल्या माणसाच्या हाती प्रवाशांचे पैसे यावेत, हा योगायोगच म्हणायचा!

त्या काळी तिकीट म्हणजे हाताने लिहिलेली कागदी पावती. घोडागाडीच्या दिवसांतील ही रीत आगगाडीच्या गर्दीपुढे तोकडी पडू लागली. प्रवासी ताटकळत उभे राहत. शिवाय किती पावत्या दिल्या आणि किती पैसे जमा झाले, याचा ताळा लागत नसे. अप्रामाणिक कारकुनाला रान मोकळेच होते.

एडमंडसन यांनी पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापले, लाकडी ठशाने त्यांवर मजकूर छापला आणि प्रत्येकावर हाताने अनुक्रमांक घातला. दिवसअखेर पहिला न विकलेला क्रमांक पाहिला, की त्या दिवसाच्या विक्रीचा हिशेब आपोआप समोर येई. तिकिटे क्रमाने निघावीत म्हणून त्यांनी नळकांड्यांची पेटी बनवली. तारीख उमटवणारे यंत्र कार्लाइलचे घड्याळजी जॉन ब्लेलॉक यांच्या मदतीने सिद्ध झाले. मुंबईकरांच्या एका पिढीला तिकीट खिडकीवरचा जो ‘खट्’ आवाज आठवतो, त्याचे मूळ या यंत्रात आहे.

त्यांच्या स्वतःच्या कंपनीला मात्र या शोधाचे मोल कळले नाही. ते ओळखले मँचेस्टर-लीड्स रेल्वेने. तिने १८३९ मध्ये त्यांना मँचेस्टरला बोलावून घेतले. एडमंडसन यांनी पेटंट घेतले आणि रेल्वे कंपन्यांकडून लोहमार्गाच्या दर मैलामागे वर्षाला १० शिलिंग आकारले. म्हणजे ३० मैलांच्या कंपनीला वर्षाला अवघे १५ पौंड. दर माफक असल्याने एकेक कंपनी ही पद्धत स्वीकारत गेली. हाती पैसा येताच त्यांनी जुन्या देणेकऱ्यांना शोधून त्यांची पै न पै चुकती केली. कायद्याने त्यांना कोणी भाग पाडले असते, असे नव्हे.

२२ जून १८५१ रोजी मँचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. पुढे भारतीय रेल्वेनेही पुठ्ठ्याचे हेच तिकीट आपलेसे केले. ब्रिटिश रेल्वेने ते १९९० मध्ये बंद केले. आपल्याकडे संगणकीय तिकिटांनी त्याची जागा घेतली.

या तिकिटांचा गठ्ठा ०००० पासून सुरू होई, कारण मग पुढचा क्रमांक हीच विकलेल्या तिकिटांची संख्या ठरे. चार शून्यांचे ते पहिले तिकीट मिळवण्यासाठी संग्राहक आजही जिवाचे रान करतात.