पंडिता रमाबाई : प्रश्नांसह श्रद्धा



नाताळ जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : कुमारी मरियेच्या पोटी बाळ कसे जन्माला आले? काही वर्षांपूर्वी एका मुलीने तो विचारला आणि आम्ही तिला गप्प बसवले. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना त्याची खंत वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला. गावोगाव पुराणे सांगून हे कुटुंब जगत असे. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, तेव्हा रमाबाईंची जुनी श्रद्धा ढासळली. १८८२ साली पतीही वारले. पुढल्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी कुमारी मरियेच्या नावाने चालणाऱ्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लहानग्या मनोरमेसह त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

एवढे आपण ऐकलेले असते. त्यापुढचे सहसा सांगितले जात नाही. स्नानसंस्कारानंतरच त्यांना शंकांनी घेरले. प्रभूची शिकवण त्यांना प्रिय होती. पण पवित्र त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि त्याचा अलौकिक जन्म त्यांच्या मनाला पटेना. केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. मठातील भगिनीला हा गर्व वाटला. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांचे धीराने ऐकून घेतले.

रमाबाईंनी शंका लपवल्या नाहीत आणि ख्रिस्तालाही सोडले नाही. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला. स्नानसंस्काराला सुमारे आठ वर्षे झाल्यावर त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायचा राहिला होता. तो भेटल्यावर त्यांनी सारे बायबल देवाचे वचन म्हणून स्वीकारले.

शिष्यांचेही असेच झाले नाही का? मार्कच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाहीच. उठलेला प्रभू आधी भेटला, मग त्याच्या जन्माचा अर्थ कळला. जो मरणातून उठला, त्याच्या जन्मातही देवाचा हात ओळखता आला. हे गणितासारखे सिद्ध करून दाखवता येत नाही, म्हणून ते बुद्धीविरुद्ध आहे असेही नाही.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा मराठीत त्यांनी अखंड बायबल उतरवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर हे काम हातावेगळे झाले होते. ज्या जन्माविषयी एकदा शंका होती, त्याचीच कथा लूककडून मराठीत आणताना त्यांनी शब्दन् शब्द तोलला असेल. त्या कथेत मरियाही देवदूताला विचारतेच, हे कसे होईल म्हणून. विचारल्यावरच तिने होकार दिला.

चिखलोलीवरून जाणारा लोहमार्ग पुणे ओलांडून केडगावला पोहोचतो. कधी सवड काढून जरूर जावे. तोवर आपल्या घरातल्या मुलांनी प्रश्न विचारला तर रागावू नका. उत्तर सुचले नाही तर मिस्सानंतर त्यांना आमच्याकडे घेऊन या. या वेळी आम्ही ऐकून घेऊ.