मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

कला शाखेच्या विद्यार्थिनीने गुणसूत्रांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण बार्बरा मॅक्लिन्टॉक यांची हकीकत वाचताना मला विज्ञानाच्या आधी भेटली ती त्यांची आई. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न जमायचे नाही, ही त्या माऊलीची धास्ती! अशी धास्ती फक्त आमच्याच आळीत असते, असा माझा समज होता.

बार्बरा यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडील डॉक्टर होते. युद्धावरून परतल्यावर त्यांनी मुलीची बाजू घेतली आणि १९१९ साली बार्बरा कॉर्नेल विद्यापीठाच्या शेतकी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. लग्न त्यांनी केलेच नाही.

मका हा त्यांचा जन्माचा सोबती. मक्याची दहाही गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी एकेक ओळखली. १९३१ साली हॅरिएट क्राइटन या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी दाखवून दिले की, गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर अदलाबदल होतात. पुढे मिसूरी विद्यापीठात असताना तुटलेल्या गुणसूत्रांचा त्यांनी छडा लावला. तुटकी टोके एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना दोन्हीकडून ओढ बसते आणि ती पुन्हा तुटतात. मिसूरीत आपल्याला भवितव्य नाही, हे ओळखून १९४१ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत स्थिरावल्या.

खरी नवलाई इथे घडली. काही कणसांतील फिक्या दाण्यांवर जांभळे ठिपके होते. आपण असे कणीस पाहिले तर भाजून खाऊन मोकळे होऊ! बाईंनी मात्र त्या ठिपक्यांचा हिशेब मांडला. रंगाच्या जनुकात एक उपरा तुकडा घुसला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून गेला, की त्या पेशीच्या साऱ्या वंशात रंग परततो, तोच ठिपका. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. शिवाय दुसरा एक घटक हजर असल्याखेरीज हा तुकडा जागचा हलत नाही. जनुके म्हणजे दोऱ्यात पक्के ओवलेले मणी, असे मानण्याच्या त्या काळात, १९४८ च्या सुमारास, बाईंना मणी उड्या मारताना दिसले.

१९५१ च्या परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा श्रोत्यांपैकी अनेकांना ते उमगले नाही. बाईंना कोणी विचारतच नव्हते, असे पुष्कळदा सांगतात. ते मला पटत नाही. १९४४ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडल्या गेल्या होत्या आणि पुढल्याच वर्षी तेथील जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. मान होता; पण हे फिरते तुकडे इतर जनुकांवर हुकमत चालवतात, हे त्यांचे म्हणणे पचत नव्हते. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ सोडले. मक्याची लागवड मात्र सोडली नाही.

पुढे जीवाणूंमध्येही असे तुकडे सापडले आणि लोक बाईंचे जुने लेख शोधू लागले. १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाटेकरी कोणी नव्हता. घरी टेलिफोन नसल्यामुळे ही बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा जवळजवळ निम्मा भाग अशाच फिरत्या तुकड्यांपासून आलेला आढळला.