घड्याळजी लुई मार्टिन : एका संसारी संताचें चरित्र

साधुसंतांचीं चरित्रें वाचूं लागलों म्हणजे आपली दृष्टि बहुधा मठाकडे, अरण्यांतील एकांताकडे किंवा हुतात्म्यांच्या वधस्थानाकडे वळते. ज्यानें दुकान चालविलें, लग्न केलें, नऊ मुलांचे पाळणे हालविले आणि त्यांतील चार लेंकरांना स्वतः मूठमाती दिली, असा साधा संसारी मनुष्यही संतमालिकेंत जाऊन बसतो, हें आपल्या सहसा ध्यानीं येत नाहीं. यासाठीं बाळ येशूच्या संत तेरेजेचे वडील लुई मार्टिन यांचें चरित्र या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

लुई यांचा जन्म फ्रान्स देशांतील बोर्दो शहरीं २२ ऑगस्ट १८२३ रोजीं झाला. त्यांचे वडील सैन्यांत कप्तान होते. तरुणपणीं लुई घड्याळजीचा धंदा शिकले. परंतु त्यांचें मन देवसेवेकडे ओढ घेत होतें. १८४५ सालीं ते आल्प्स पर्वतावरील संत बर्नार्डच्या मठाच्या दाराशीं जाऊन उभे राहिले. तेथें त्यांस आधीं लॅटिन भाषा शिकून येण्यास सांगण्यांत आलें. त्यांनीं अभ्यास आरंभिला, पण प्रकृति ढांसळली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पुढें १८५० सालीं आलान्सों गांवीं त्यांनीं घड्याळांचें दुकान मांडलें. रविवारीं खेड्यापाड्यांतून गिऱ्हाइकें येत, व इतर दुकानदारांची त्या दिवशीं चांगली कमाई होई. तरी प्रभूच्या दिवशीं लुईंच्या दुकानाचें दार कधीं उघडलें नाहीं.

त्याच गांवीं झेली गेरें नांवाची तरुणी राहत असे. लेस विणण्याच्या कलेंत ती निपुण होती. तिलाही भगिनींच्या मठांत जावयाचें होतें, पण तिचीही निराशा झाली होती. १३ जुलै १८५८ रोजीं, मध्यरात्रीच्या शांत वेळीं, या दोघांचा विवाह झाला. मठाच्या दारांतून परत फिरलेल्या या दोन जीवांनीं आपल्या संसारालाच देवाचें घर केलें. उजाडण्यापूर्वीं दोघेंही मिस्सेला जात. पत्नीचा लेसचा धंदा वाढला, तेव्हां १८७० सालीं लुईंनीं आपलें चालतें दुकान भाच्याच्या स्वाधीन केलें व ते तिच्या कामांत हातभार लावूं लागले. पतीनें पत्नीच्या धंद्यांत दुय्यम होऊन राहावें, ही गोष्ट त्या काळीं कांहीं लहान नव्हती.

आपला एखादा मुलगा धर्मगुरु होऊन मिशनकार्यास जावा, अशी दोघांची फार इच्छा होती. देवानें दोन पुत्र दिले आणि दोन्ही तान्हेपणींच परत नेले. दोन मुलीही गेल्या. त्यांतील एलेन ही पांच वर्षांची होती. मारी, पोलिन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेजा अशा पांच मुली मात्र वांचल्या.

२८ ऑगस्ट १८७७ रोजीं झेली स्तनाच्या कर्करोगानें देवाघरीं गेल्या. लुई तेव्हां चौपन्न वर्षांचे, आणि तेरेजा अवघी चार वर्षांची. आलान्सोंमध्यें त्यांची वृद्ध आई होती, मित्र होते, सर्व आयुष्याचा घरोबा होता. परंतु आईवेगळ्या मुलींना मामा-मामीची माया मिळावी म्हणून त्यांनीं तें सर्व मागें टाकलें व त्याच वर्षीं मुलींना घेऊन ते लिझ्यू शहरीं राहावयास गेले. तेथें दुपारीं धाकट्या मुलीचा हात धरून ते फिरावयास निघत, वाटेंत एखाद्या चर्चमध्यें पवित्र साक्रामेंताचें दर्शन घेत आणि कोणी भिकारी भेटला तर त्याची भिक्षा तिच्याच हातून देववीत. तिला ते कौतुकानें आपली राणी म्हणत.

मग एकेक मुलगी बापाचा हात सोडूं लागली. १८८२ सालीं पोलिन कार्मेल मठांत गेली. १८८६ सालीं मारी तिच्या पाठोपाठ गेली. १८८७ च्या मे महिन्याच्या आरंभीं लुईंना पक्षाघाताचा पहिला झटका आला. त्याच महिन्यांत, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशीं, चौदा वर्षांच्या तेरेजेनें बागेंत त्यांच्याजवळ बसून मठांत जाण्याची परवानगी मागितली. बापाच्या डोळ्यांत पाणी आलें, तरी त्यानें नकार दिला नाहीं. जवळच्या भिंतीवर एक बारीकसें पांढरें फूल उगवलें होतें. लुईंनीं तें खुडून तिला दिलें आणि देवानें त्या फुलाचा कसा सांभाळ केला तें समजावून सांगितलें. तेरेजेनें पाहिलें, तों फुलाबरोबर त्याचें मूळही अखंड निघालें होतें. पुढें मुलीचें वय लहान म्हणून अडचण आली, तेव्हां हाच बाप तिला घेऊन प्रथम बिशपसाहेबांकडे आणि मग रोमला गेला. ज्या मागणीनें आपलें घर सुनें होणार, तीच मागणी पुढें नेण्यासाठीं त्यानें इतका प्रवास केला. ९ एप्रिल १८८८ रोजीं तेरेजा कार्मेलमध्यें दाखल झाली.

यापुढील हकीकत लिहितांना लेखणी अडखळते. त्याच वर्षाच्या जूनमध्यें लुई कोणास न सांगतां घरांतून निघून गेले व कांहीं दिवसांनीं ल हाव्र बंदरीं सांपडले. त्यांची स्मृति व बुद्धि ढळूं लागली होती. १० जानेवारी १८८९ रोजीं तेरेजेच्या वस्त्रग्रहणाच्या विधीस ते तिचा हात धरून चालले. आणि एका महिन्यानंतर, १२ फेब्रुवारीस, त्यांना काएन शहरांतील मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. लोक कुजबुजूं लागले कीं मुलींनींच मठांत जाऊन म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम केला. मठाच्या जाळीआड असलेल्या मुलींच्या कानीं हे बोल पडत, आणि त्यांना बापाच्या उशाशीं जातांही येत नसे. तीन वर्षांहून अधिक काळ लुई तेथें राहिले. मधून मधून शुद्ध येई, तेव्हां आपण कोठें आहों हें त्यांस कळे. आणि ती मानहानीही ते देवाच्या हातून आलेली म्हणून स्वीकारीत.

१८९२ च्या मे महिन्यांत त्यांस घरीं आणलें. पाय गेले होते, वाचा जवळजवळ गेली होती. मठांतील मुलींची एकच शेवटची भेट झाली; निरोप घेतांना त्यांनीं बोट वर स्वर्गाकडे केलें. सेलीननें लहान मुलाप्रमाणें त्यांची शुश्रूषा केली. २९ जुलै १८९४ रोजीं ते निवर्तले. कांहीं आठवड्यांत सेलीनही कार्मेलमध्यें गेली, आणि लेओनी पुढें काएन येथील मठांत कायमची स्थिरावली. पांचही मुली देवाच्या झाल्या.

ज्या जोडप्यास मिशनकार्यासाठीं पुत्र हवा होता, त्यांची तेरेजा १९२५ सालीं संत ठरली व १९२७ सालीं, ज्यांचें पवित्र शरीर आपल्या गोव्यांत आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीनें, मिशनकार्याची आश्रयदाती झाली. लुई व झेली यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं एकाच विधींत संत म्हणून जाहीर केलें. १२ जुलै हा त्यांचा सण.

प्रिय वाचकहो, मुलें आपलीं खरीं, पण तीं आपल्याजवळ देवाची ठेव आहेत. मागेल तेव्हां ती मुळासकट त्याच्या हातीं द्यावी, हें या बापानें शिकविलें. आणि दुसरेंही एक शिकविलें. आपल्यांतील कित्येक घरांत असा एखादा वृद्ध पिता आहे, ज्यास आज आपल्या मुलांचीं नांवेंही आठवत नाहींत. लोकलज्जेनें त्याला मागच्या खोलींत दडवूं नका. बुद्धि गेली म्हणून पितृत्व जात नाहीं, आणि देवाच्या वहींतून त्याचें नांव पुसलें जात नाहीं. संत लुई आणि संत झेली आपल्या कुटुंबांसाठीं परमेश्वराजवळ विनंती करोत.