फ्रेडरिक डग्लस : स्वतः धारण केलेले आडनाव

आपल्या समाजात आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जात जाणून घेण्याचा हेतू असतो. अमेरिकेतील गुलामांची अवस्था याहून भीषण होती. कायद्याच्या लेखी ते माणूस नव्हे, मालमत्ता होते. अशा गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी आपले आडनाव स्वतः धारण केले.

१८१८ साली मेरीलँड राज्यात त्यांचा जन्म झाला. आई हॅरिएट बेली गुलाम, म्हणून मूलही गुलाम. ‘बेली’ हे आडनाव आईकडचेच. बाल्टिमोर येथे मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवली, मालकाने ते शिक्षण बंद पाडले. तेव्हा गल्लीतील गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन ते त्यांच्याकडून वाचायला शिकले.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात ते निसटले. माग लागू नये म्हणून न्यूयॉर्कमध्ये ‘जॉन्सन’ झाले. परंतु पुढे न्यू बेडफर्ड येथे जॉन्सन मंडळीच फार! आश्रयदाते नेथन जॉन्सन यांनी नुकत्याच वाचलेल्या वॉल्टर स्कॉट यांच्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या काव्यातील ‘डग्लस’ हे नाव सुचवले. ‘फ्रेडरिक’ मात्र बदलायचे नाही, एवढीच त्यांची अट होती.

डग्लस हे मूळचे स्कॉटलंडमधील स्थळनाम. गेलिक भाषेतील त्याचा अर्थ काळसर पाण्याचा ओढा. त्या स्थळावरून एका सरदार घराण्याला ते आडनाव मिळाले. आयल ऑफ मॅन बेटावरील याच नावाच्या शहराला मँक्स भाषेत ‘डूलिश’ म्हणतात. इंग्रजीत या नावाच्या शेवटी सहसा एक ‘एस’ असतो. फ्रेडरिक यांनी दोन लिहिले. देवनागरीत हा भेद दिसत नाही.

१८४५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ओळख उघड झाल्याने पकडले जाण्याचे भय वाढले आणि ते आयर्लंड व ब्रिटनला गेले. तेथील स्नेह्यांनी निधी जमवून त्यांची मुक्तता विकत घेतली. डिसेंबर १८४६ मधील मुक्तिपत्रात मालकाने त्यांचा उल्लेख बेली ऊर्फ डग्लस असा केला. ज्याने माणसाला मालमत्ता मानले, त्यालाच त्या माणसाने निवडलेले नाव लिहून द्यावे लागले.

गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. त्या लढ्याचे डग्लस हे एक अग्रणी. २० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या हजेरीपटावरील आडनावे जन्माने मिळालेली आहेत. ती पुकारली जाताच कोणत्याही मुलाने मान खाली घालू नये, यासाठीच हे विद्यालय उभे आहे.