घोड्यावरच्या नर्सेस आणि औषधांची पुस्तिका

औषध द्यायचं ते डॉक्टरनेच, हे आपण अगदी गृहीत धरतो. पण जिथे डॉक्टरच नाही, तिथे तापाने फणफणलेल्या पोराचं काय करायचं? अमेरिकेतल्या मेरी ब्रेकिनरिजने या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आपलं निम्मं आयुष्य घालवलं.

मेरीचा जन्म १८८१ सालचा, मेम्फिस शहरातला. घराणं मोठं. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, वडील रशियात राजदूत. अशा घरातल्या मुलीने लग्न करावं आणि संसार बघावा, एवढीच अपेक्षा. तिने लग्न केलंही, पण १९०६ मध्ये नवरा वारला. मग ती न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात नर्सिंग शिकली आणि १९१० मध्ये नर्स झाली. पुढे दुसरं लग्न झालं. १९१४ मध्ये मुलगा झाला, त्याचं लाडाचं नाव ब्रेकी. १९१६ मध्ये झालेली मुलगी काही तासच जगली. आणि १९१८ च्या जानेवारीत ब्रेकीही गेला. नुकताच चार वर्षांचा झाला होता. दुसरं लग्नही टिकलं नाही.

एवढं झाल्यावर एखादी बाई मिटून गेली असती. मेरीने मात्र उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांसाठी द्यायचं ठरवलं. महायुद्धानंतर ती उद्ध्वस्त फ्रान्समध्ये कामाला गेली. तिथे तिला ब्रिटिश नर्सेस भेटल्या. त्या नर्सही होत्या आणि शिकलेल्या सुईणीही. अमेरिकेत असं कुणी जवळजवळ नव्हतंच. मग चाळिशी ओलांडल्यावर मेरी लंडनला जाऊन सुईणीचं काम शिकली, आणि स्कॉटलंडच्या दुर्गम भागातली आरोग्यसेवा कशी चालते तेही बघून आली.

तिने जागा निवडली ती केंटकी राज्यातल्या डोंगराळ लेस्ली काउंटीची. रस्ते नाहीत, आगगाडी नाही. १९२३ च्या उन्हाळ्यात तिने घोड्यावरून तो सगळा मुलूख पालथा घातला आणि ५३ गावठी सुईणींशी बोलून घेतलं. १९२५ मध्ये तिने संस्था काढली. १९२८ पासून ती फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि त्याच वर्षी हायडन गावात छोटं रुग्णालयही उघडलं. डोंगरात ठिकठिकाणी नर्सेसची केंद्रं होती. खोगिराच्या पिशव्यांत सामान भरायचं आणि ओढे ओलांडत घरोघर जायचं. बाळंतपणं करायची, लहान मुलं तपासायची, टायफॉइड आणि घटसर्पाच्या लशी टोचायच्या. पैसे नसतील त्यांनी धान्य द्यावं, नाहीतर श्रम.

आता खरी अडचण. नर्स पोचली, आजार ओळखला, पण औषध द्यायचा अधिकार तिला कुठे होता? मेरीने ना कायदा धुडकावला, ना रुग्णाला ताटकळत ठेवलं. लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांची एक सल्लागार समिती होती. तिने नर्सेससाठी लेखी सूचनांची पुस्तिका तयार केली. कोणत्या लक्षणांवर काय उपचार करायचा, कोणतं औषध द्यायचं आणि कुठे थांबून डॉक्टरला बोलवायचं, हे सगळं त्यात ठरवून दिलेलं. म्हणजे बघा, एकाच कागदाने नर्सला मोकळीकही दिली आणि लगामही घातला. पण नुसत्या कागदावर काम भागत नाही. मेरीचा आग्रह होता की आधी पक्की नर्स, मग शिकलेली सुईण, आणि मगच डोंगर.

आकड्यांनी तिची बाजू घेतली. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९३२ मध्ये इथल्या पहिल्या १,००० बाळंतपणांचा हिशेब तपासला, तेव्हा मातामृत्यू देशाच्या मानाने खूपच कमी निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी घोड्यावरून पडून मेरीच्या पाठीचं हाड मोडलं होतं, तरी काम थांबलं नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तिच्या बऱ्याच ब्रिटिश नर्सेस मायदेशी परतल्या, तेव्हा तिने हायडनलाच शाळा काढली.

तिला देवी करायची मात्र गरज नाही. कृष्णवर्णीय नर्सेसना तिने आपल्या सेवेत जागा दिली नाही. ज्या गावठी सुईणींकडून तिने तो मुलूख समजून घेतला, त्याही हळूहळू बाजूला पडल्या. कुणाच्या हातात औषध द्यायचं हे ठरवताना कुणाला वगळायचं हेही तिनेच ठरवलं, आणि ते तिच्या नावावर राहणारच.

१६ मे १९६५ रोजी हायडनमध्ये ती वारली. पाचच वर्षांनी तिच्या शाळेने कुटुंबाची प्राथमिक तपासणी आणि उपचार करू शकणाऱ्या नर्सेसचा अभ्यासक्रम सुरू केला. देशातल्या अशा पहिल्या अभ्यासक्रमांपैकी तो एक. ब्रिटनने नर्सेसना औषधं लिहून देण्याचा कायदा १९९२ मध्ये केला. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सामुदायिक आरोग्यसेवकांना ठरावीक औषधं देण्याचा मर्यादित परवाना आला, तेव्हा डॉक्टरांनी जोरदार विरोध केला. अर्धवट शिकलेल्याच्या हातात औषध जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. पण औषधच न पोचण्याची भीतीही तितकीच खरी. या दोन्ही भीतींना मेरीचं उत्तर एकच होतं: आधी नीट शिकवा, हद्द लिहून द्या, आणि मग विश्वास ठेवा.