महाप्रजापती गौतमी : पहिल्या भिक्षुणीची पायपीट
सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी मायादेवी निवर्तल्या. धाकटी बहीण महाप्रजापती गौतमी यांनी त्याला स्वतःचे दूध पाजून वाढवले, असे पाली परंपरा सांगते. शुद्धोदनाच्या निधनानंतर त्यांनी मागितलेली प्रव्रज्या बुद्धांनी तीनदा नाकारली. केशत्याग करून, शाक्य स्त्रियांसह त्या कपिलवस्तूहून वैशालीला पायी गेल्या. सुजलेल्या पायांनी दाराबाहेर रडत उभ्या असलेल्या गौतमींसाठी आनंदाने रदबदली केली. अनुमती मिळाली, ती आठ गुरुधर्मांच्या अटीवर. शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा घेतलेल्या भिक्षुणीनेही आजच्या नव्या भिक्षूला वंदन करावे, हा त्यांतील पहिला. वंदन ज्येष्ठतेनुसार व्हावे, ही त्यांची पुढची विनंतीही फेटाळली गेली. तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. श्रीलंकेतील भिक्षुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. १९९६ साली सारनाथला तेथील स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. तिच्या वैधतेवर थेरवादी संघात अद्याप एकमत नाही.